राजा निघाला

२३ मार्च १९२४, रविवार. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं अलामॅक हॉटेल. मोटारींचा गोंगाट बाहेर ठेवून तुम्ही बुद्धिबळ स्पर्धेच्या दालनात येता आणि पटापासून दोन हातांवर उभे राहता. पांढरे मोहरे जगज्जेत्या कापाब्लांकांचे, काळे टार्टाकोवर यांचे. कापाब्लांका कालच रेटी या स्पर्धकाकडून हरलेत. त्याआधीच्या आठ वर्षांत त्यांनी एकही डाव गमावला नव्हता. चेहऱ्यावरून तुम्ही ते ओळखू शकणार नाही.

टार्टाकोवर डच बचाव मांडतात. बाराव्या खेळीला त्यांचा उंट एफ-३ वरचा घोडा मारतो. आता पांढऱ्याकडे उंट, काळ्याकडे घोडा. शिवाय पांढऱ्याची दोन प्यादी सी पट्टीत एकामागे एक अडकलेली. काळा घोडा ए-५ वर जाऊन त्यांतल्या पुढच्या प्याद्यावर डोळा ठेवतो. पुढच्या दहाएक खेळ्या सावध जुळवाजुळव चालते. मग वजीर आणि हत्तींची एक जोडी पटावरून उतरते, आणि खरा डाव सुरू होतो.

पांढरा हत्ती एच पट्टीतून थेट सातव्या रांगेत घुसतो. काळा हत्ती सी-६ वर येऊन सी-३ च्या प्याद्यावर रोखला जातो. तुमचा हात शिवशिवतो, ते प्यादं वाचवायला हवं! कापाब्लांका मात्र जी पट्टीतलं प्यादं एक-एक घर पुढे ढकलतात. घोडा शह देऊन एफ-५ वर येतो, उंट त्याला मारतो, काळं प्यादं उंटाला. हत्तीसमोर हत्ती, पाच-पाच प्यादी. तुमच्या खिशात मोबाइल नाही, इंजिन नाही. मोजा स्वतःच.

पस्तिसावी खेळी. पांढरा राजा एफ-३ वरून जी-३ वर सरकतो. काळा हत्ती सी-३ चं प्यादं मारतो, तेही शह देऊन. राजा एच-४ वर. हत्ती एफ-३ वर. पांढऱ्याचं प्यादं जी-६ वर. पुन्हा शहासकट एफ-४ चं प्यादंही जातं आणि राजा जी-५ वर चढतो. दोन प्यादी फुकट दिली, असंच वाटतं ना? डावपेचांची आतषबाजी आपल्याला चटकन भुलवते. मला मात्र राजाची ही पायपीट कुठल्याही वजीर-बलिदानाहून देखणी वाटते.

आता काळा हत्ती ई-४ वर आहे आणि एफ-५ चं प्यादं राजाच्या शेजारी उघडं पडलंय. मारायचं? कापाब्लांका त्याला हातही लावत नाहीत. राजा थेट एफ-६ वर! नीट बघा. ते प्यादं मारलं असतं, तर एफ पट्टी मोकळी झाली असती आणि काळ्या हत्तीने मागून शहावर शह दिले असते. आता शत्रूचंच प्यादं पांढऱ्या राजाची पाठ राखतंय. वर एच-८ वर हत्ती येऊन मात होण्याची धमकी आहेच. काळ्याचा राजा जी-८ वर पळतो, मग शह खाऊन कोपऱ्यात. पांढरा हत्ती सी-७ चं प्यादं टिपतो, काळ्या हत्तीला मात टाळायला ई-८ वर परतावं लागतं. शह देणारा हत्ती मागे बांधला गेल्यावरच एफ-५ चं प्यादं मारलं जातं.

पुढे ए-७ पडतं, डी-५ पडतं. जी-७ वरचं पांढरं प्यादं काळ्या राजाला जागेवर जखडून ठेवतं आणि डी पट्टीतलं प्यादं आपल्याच राजाच्या सोबतीने धावू लागतं. बावन्नाव्या खेळीला ते डी-६ वर येतं आणि टार्टाकोवर डाव सोडतात. काळा हत्ती डी-४ वर जाऊन अडवायला बघेल, पण प्यादं डी-७ वर सरकेल. सी-४ वरून शह दिला, तर पांढरा राजा बी-७ वर जाईल, आणि काळा राजा डी-८ पर्यंत पोहोचूच शकत नाही.