तरवडीचे दीनमित्रकार

नवी मुंबईच्या कोणत्याही धर्मग्रामात रविवारच्या मिस्सेनंतर आवारात गप्पा सुरू झाल्या की, "आपले मूळ गाव कोणते?" हा प्रश्न निघतोच. उत्तरांत राहुरी, नेवासे, संगमनेर, श्रीरामपूर ही नावे हमखास ऐकू येतात. त्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याला मराठी नियतकालिकांची जुनी परंपरा आहे. अमेरिकन मिशनचा 'ज्ञानोदय' १८४२ साली नगर शहरातून निघाला. याच जिल्ह्यात मिशनकार्य केलेले जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' सुरू केला. या दोन्ही पत्रांना मिशनचा आधार होता. असा कोणताही आधार नसताना खेड्यात राहून सत्तावन्न वर्षे साप्ताहिक चालविणारा एक गृहस्थ त्याच मातीत होऊन गेला, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. नेवासे तालुक्यातील तरवडीचे मुकुंदराव पाटील हे ते गृहस्थ आणि 'दीनमित्र' हे त्यांचे साप्ताहिक.

मुकुंदरावांचा जन्म १८८५ सालचा. वृत्तपत्र माणसाकडून काय काय मागते, याचा दाखला त्यांच्या घरातच होता. त्यांचे जन्मदाते वडील कृष्णराव भालेकर हे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते. त्यांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधू' काढला. परंतु पैशाच्या ओढाताणीत तो त्यांच्या हाती टिकला नाही. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईस नेऊन चालविला. मुकुंदराव दत्तक गेले ते गणपतराव सखाराम पाटील यांच्या घराण्यात. या गणपतरावांच्या संपादकत्वाखाली १८८८ साली 'दीनमित्र' मासिक निघाले होते. पण ते तरुणपणीच वारले आणि मासिकही थांबले. एका वडिलांचे पत्र हातचे गेलेले, दुसऱ्यांचे बंद पडलेले! असा वारसा लाभलेला मनुष्य सहसा मुकाट्याने शेती पाहतो. मुकुंदरावांनी तसे केले नाही. १९१० साली भालेकर निवर्तले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुकुंदरावांनी सोमठाणे या खेड्यातून 'दीनमित्र' पुन्हा सुरू केला. पुढे तो तरवडीहून निघू लागला.

काळ मोठा कठीण होता. १९१० सालीच इंग्रज सरकारने छापखान्यांचा कायदा केला. त्यान्वये नव्या छापखानदाराकडून पाचशे ते दोन हजार रुपयांचा जामीन मागता येत असे. वाचकांची स्थिती तर त्याहून बिकट. १९११ च्या शिरगणतीत सबंध हिंदुस्थानात शंभरांतील जेमतेम सहा जण साक्षर निघाले. अशा समाजात वृत्तपत्र वाचण्यापेक्षा ऐकण्याचीच वस्तू अधिक. मुकुंदरावांची लेखणी हे ओळखून होती. 'कुलकर्णी लीलामृत' हे १९१३ सालचे त्यांचे काव्य वतनदार कुलकर्ण्यांच्या लबाडीवर तुटून पडते, परंतु त्याचा घाट आहे पोथीचा. पोथी ऐकण्याची सवय असलेल्या कानांना ते परके वाटणारे नव्हते. त्यांची भाषा बोचरी, क्वचित कठोरही आहे. मात्र जो कागदपत्र वाचू शकत नाही तो कसा नागवला जातो, हे रोज डोळ्यांनी पाहणाऱ्याची ती भाषा आहे.

त्यांच्या कारकिर्दीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे गावातच राहणे. नाव झाल्यावर पुण्या-मुंबईची वाट धरणारे पुष्कळ. पण ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्याच शेजारी, त्यांच्याच दुष्काळात राहून मुकुंदरावांनी लिहिले. त्यामुळे चुकीचे छापले तर जाब विचारणारा वाचक सकाळी दारात उभा राहणार, हेही त्यांनी पत्करले होते. १९६७ साली ते निवर्तले, तोवर 'दीनमित्र' निघत राहिला.

तरवडीत आज त्यांचे स्मारक आहे. आपल्यापैकी अनेकांच्या गावाकडच्या वाटेपासून ते फारसे दूर नाही. पुढच्या सुटीत मुलांना घेऊन थोडी वाट वाकडी करावी आणि खेड्यातूनही वृत्तपत्र निघत असे, हे त्यांना तेथेच उभे राहून सांगावे.