ग्रंथालयाचे दार कुणाच्या वेळेला उघडते?

१४ एप्रिल जवळ आली की आमच्या सातपूरमध्ये वर्गणीच्या पावत्या निघतात. मंडप, डीजे, फ्लेक्स यांचा हिशेब पटकन बसतो. पण कायद्याच्या ग्रंथालयाचा विषय काढला की आपल्यातलेच काही जण म्हणतात, "आता सगळं मोबाइलवर मिळतं, जागा कशाला हवी?" या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यातच आहे.

परळच्या चाळीतली एक खोली. त्यातच स्वयंपाक, झोप आणि अभ्यास. म्हणून शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली. त्याच शहरात फोर्टमध्ये मुंबई विद्यापीठाचे भव्य ग्रंथालय उभे होते. रंगीत काचांच्या खिडक्या, उंच छत आणि शेजारी १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर. ग्रंथालयासाठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले होते, टॉवरसाठी आणखी दोन लाख. वास्तू देखणी होती, पण चाळीतल्या मुलाच्या वाट्याला बागच आली. बुद्धी होती, बसायला जागा नव्हती. आजही वस्तीतल्या पोरांची अडचण नेमकी हीच आहे.

आता लंडन पाहा. १९२० ते १९२३ या काळात ग्रेज इन, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय हेच बाबासाहेबांचे जग होते. ते वाचनालय १८५७ साली खुले झाले. मोठा गोल घुमट, त्याखाली चाकाच्या आऱ्यांसारख्या टेबलांच्या रांगा आणि मधोमध ग्रंथपाल. प्रत्येक वाचकाला स्वतंत्र जागा, पुस्तक ठेवायला घडीचा आधार, थंडीत पाय शेकायला टेबलाखाली उबेची सोय. प्रवेशपत्राला पैसे लागत नसत. अर्धपोटी राहून तिथे दिवसभर वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्या खुर्चीवर जात कुणी विचारली नाही. वाचकाचे शरीर, त्याचा वेळ आणि त्याचा खिसा यांचा विचार करून बांधलेली जागा काय घडवते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

बाबासाहेबांनी हा धडा प्रत्यक्षात उतरवला. दादरला राजगृह बांधले तेव्हा वरचा मजला ग्रंथांसाठी ठेवला. घर बांधतानाही पुस्तकांची जागा आधी ठरवणारा हा माणूस होता! आणि आपण नाशिककरांनी तर एक गोष्ट विसरूच नये. मार्च १९३० पासून आपल्या बापजाद्यांनी काळाराम मंदिराच्या दारात लाठ्या आणि दगड खाल्ले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या दिवशी ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. मंदिराचे दार ज्यांच्यासाठी बंद होते, त्यांचा नेता कायद्याच्या विद्यार्थ्यांना घडवत होता. पुढच्याच वर्षी त्यांनी कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर सविस्तर लेख लिहिला. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. १९५६ साली सिद्धार्थ लॉ कॉलेज उभे राहिले. म्हणजे शिक्षणसंस्थेचे घड्याळ त्यांनी कष्टकऱ्याच्या घड्याळाशी जुळवले.

आमचा वाद इथेच आहे. सातपूर एमआयडीसीत तीन पाळ्या चालतात. दुसरी पाळी करून रात्री बाराला घरी येणाऱ्या बापाच्या मुलीने वाचायचे कुठे? कायद्याचा विद्यार्थी ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परीक्षा देतो, त्याचे मुख्य ग्रंथालय दोनशे किलोमीटरवर. खासगी अभ्यासिकेत पैसे भरून खुर्ची मिळते, कायद्याचे पुस्तक मिळत नाही.

राहिला मोबाइलचा मुद्दा. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआरवर फुकट आहेत, हे खरे. पण शंभर पानांचा निवाडा पाच इंची पडद्यावर वाचून, शेजारी मूळ कलम उघडे ठेवून टिपणे काढून दाखवा! शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुने खटले जुन्या भारतीय दंड संहितेवर चालतात, नवे गुन्हे नव्या कायद्याने. दोन्ही पुस्तके टेबलावर शेजारी शेजारी हवीत. कायद्याचे ग्रंथालय इतर ग्रंथालयांपेक्षा वेगळे असते ते यामुळेच. तिथे या वर्षीची दुरुस्ती लागते आणि पन्नास वर्षांपूर्वीचा निवाडाही लागतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. सातपूरमध्ये कायद्याची एक सार्वजनिक अभ्यासिका हवी. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उघडी. प्रत्येक जागेवर दिवा, मुलींसाठी स्वच्छ शौचालय, अपंगांसाठी उतार. मराठीतले अद्ययावत कायदे, नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरचे खंड, दोन संगणक आणि एक छपाईयंत्र. आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या वकील बांधवांनी तिथे बसावे. ॲट्रॉसिटीची फिर्याद कशी लिहायची, हे कार्यकर्त्याला तिथेच शिकता येईल.

महापालिकेकडे जागा मागू, निवेदन देऊ, गरज पडली तर धरणे धरू. पण पहिले कपाट आपल्या वर्गणीतून यायला हवे. यंदा डीजेच्या एका रात्रीचा खर्च त्या कपाटावर करा. पावतीवर तसे छापा आणि मग दारोदार वर्गणी मागायला चला. आम्ही सोबत आहोत.

जय भीम!