शनवार तेल्यांच्या घरातलं चित्र

पुण्यात १८७४ साली छापलेल्या एका पुस्तकातलं चित्र मी पुन्हा पुन्हा पाहतो. लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसल्यात. कुणी पीठ मळतेय, कुणी लाटतेय, कुणी भाजतेय. पेण-रोह्याकडच्या माणसाला हे आपल्याच घरातलं वाटेल. पण ही रोटी बेखमीर आहे, बायका यहुदी आहेत आणि पुस्तकाचं नाव आहे ‘हगादा’. मिसरच्या गुलामीतून सुटल्याची कथा, वल्हांडणाच्या रात्री वाचायची. हिब्रू मजकूर आणि सोबत मराठी. मुसा अलैहिस्सलाम आणि फिरऔनचा किस्सा आपणही लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणून हे पुस्तक मला परकं वाटलं नाही.

ते सिद्ध केलं मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी. छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. तळकर म्हणजे तळ्याचे, आणि तळे गाव रोह्याच्या दक्षिणेला.

पुस्तक शिळाछाप आहे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने अक्षर किंवा चित्र उतरवायचं आणि दगड ओला करायचा. ओल्या जागी छपाईची शाई धरत नाही, तेलकट रेघेवर धरते. हिब्रूचे खिळे नसले तरी अडत नाही, लिहिता हात पुरतो. याच सोयीमुळे मुंबईत उर्दू-फारसी किताबंही शिळेवर छापली जात. मराठी अर्थासह पहिला हगादा मुंबईत १८४६ साली निघाला, तोही शिळाछापच.

कोकणातल्या बेने इस्राएल लोकांना गाव ‘शनवार तेली’ म्हणे. तेल गाळणं हा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. त्यांची आडनावं पाहा: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर. आपल्याकडे पारकर, तुंगेकर असतात, तशीच. ते सिनेगॉगला ‘मशीद’ आणि प्रार्थनेला ‘नमाज’ म्हणत. वल्हांडणाला त्यांचं जुनं नाव ‘अनाशी ढाकण्याचा सण’. धर्म यहुदी, बोली मात्र शेजाऱ्यांची.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे साठच्या दशकात काही धर्मगुरूंनी शंका काढली: हे खरे यहुदी आहेत का? यांच्याशी लग्न लावावं का? लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेला सांगावं लागलं की हे पूर्ण यहुदी आहेत. खरं तर हे चित्र त्याआधी नव्वद वर्षांपूर्वीचं. लुगडं नेसूनही रोटी शरियतीप्रमाणे बेखमीर ठेवता येते, हे त्यात सरळ दिसतं.

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न मलाही विचारला जातो. म्हणून या चित्राशी माझं नातं आहे.

आज आमच्या घरात टीव्हीवर इस्रायलचं नाव आलं की चेहरे ताठ होतात. गाझाची दृश्यं पाहून राग येतो, तो खराच आहे. पण माझी दादी ‘इस्राएल’ म्हणायची तेव्हा तिच्या मनात देश नसायचा. घाण्यावरचा शेजारी असायचा. शनिवारी तेल मिळणार नाही, म्हणून ती शुक्रवारीच बाटली देऊन आम्हाला पिटाळायची.