संश्लेषक, मॉड्यूलर
ध्वनिनिर्मिती व ध्वनिसंस्करण करणारी स्वतंत्र इलेक्ट्रॉनीय एकके एका पेटीत बसवून व तारांनी परस्परांस जोडून सिद्ध होणारे वाद्य. रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सहकार्याने १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात याची आद्य एकके तयार केली. प्रारंभीचे ग्राहक एकके सुटी निवडीत. १९६७ पासून ठराविक संचही मिळू लागले. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये मूग संच बसविला.

जर्मनीतील डीटर डोप्फर यांच्या ए-१०० प्रणालीने (१९९५-९६ च्या सुमारास) निवड पुन्हा वादकाच्या हाती आली. तिच्यात पट्टीची उंची १२८·५ मिमी., तर रुंदीचे एकक ५·०८ मिमी. असते. पेटी हे केवळ वेष्टन नव्हे. तिच्यातील ±१२ व्होल्ट पुरवठ्याची क्षमता सर्व एककांना लागणाऱ्या एकूण विद्युत् प्रवाहाहून अधिक असावी लागते. जोडपट्टी उलटी बसविल्यास एकक जळू शकते. प्रथम आंदोलक, छानक, एन्व्हलप जनक व दाबनियंत्रित विवर्धक घेणे इष्ट. नवशिके आंदोलकांवरच खर्च करतात आणि विवर्धक टाळतात. मग तंबोऱ्यासारखा स्वर अखंड घुमत राहतो, त्याला आरंभ व अंत देता येत नाही.