कंसातलं नाव आणि काढलेली ओळ
जुळे सोलापूर आज वसाहतींचं आहे. त्याआधी तिथं शेतं होती. अशा जमिनीचा माग लागतो तो महसुली दफ्तराच्या एका शिस्तीमुळे. हस्तलिखित सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव नाहीसं करत नसत. गाव नमुना 6 मधला फेरफार मंजूर झाला की त्या नावाला कंस करत आणि नव्या नावाजवळ फेरफार क्रमांक लिहीत.

कागदावरची ही शिस्त संगणकातल्या यादीत आपोआप येत नाही. 1993 च्या एक्सेल 5 मध्ये व्हीबीए ही मॅक्रो लिहायची भाषा आली आणि यादीतल्या हजारो ओळी झटक्यात काढणारा मॅक्रो कचेऱ्यांच्या हाती आला. पण ओळ काढली की खालची वर सरकते. वरून खाली फिरणारा लूप तिला न तपासताच पुढे जातो. म्हणून शेवटच्या ओळीपासून वर येणं बिनचूक. तेवढ्यानंही भागत नाही, कारण मॅक्रोनं केलेला बदल ‘अनडू’नं परत फिरत नाही. मयत आणि दुबार नोंदींनी यादी फुगते, हा आक्षेप खरा आहे. पण चालू यादी सुटसुटीत ठेवायला जुनी ओळ नष्ट करावी लागत नाही. मॅक्रोनं आधी खूण करावी, ओळ कारणासह वेगळ्या शीटवर न्यावी, मगच मूळ जागेवरून काढावी. वेग यंत्राचा घ्यावा, शिस्त तलाठी दफ्तराची: हक्क संपला तरी तो होता याचा पुरावा उरलाच पाहिजे.