माग शिवेपर्यंत

बैल चोरीला गेला म्हंजे अर्धी शेती गेली. एका बैलावर औत चालत नाही. मग ज्याच्यावर संशय त्याच्या दावणीचा बैल सोडून आणावा, असं कुणालाबी वाटतं. जुन्या गावगाड्यात मात्र आधी माग काढत.

हे काम राखणदाराचं. कुठं रामोशी, कुठं भिल्ल, कुठं महार. खुराचे ठसे बघत तो शिवेपर्यंत जाई. चोर शिव ओलांडून गेला हे पुढच्या गावच्या राखणदाराला पटवलं, की जोखीम त्याच्यावर. माग जिथं संपला तिथल्या राखणदारानं चोर तरी द्यायचा, नाहीतर ऐपतीप्रमाणं भरपाई. उरलेली गावानं द्यायची. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननं १८१९ च्या अहवालात ही रीत नोंदवली आहे. पुरी भरपाई क्वचितच वसूल होई, हेही.

१९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ गाववतनं गेली. वतनाच्या राबणुकीतून माणसं सुटली, हे बरंच झालं. माग मात्र चौकीवर गेला.

आमचा खिलार चोरीला गेला, तो पुढं दुसऱ्या गावात एकाच्या गोठ्यात दिसला. पोरं काठ्या घेऊन निघाली. वडिलांनी अडवलं, फौजदाराला नेलं. त्या माणसाकडं बाजाराची पावती निघाली. त्यानं पैसे मोजून बैल घेतला होता. फसला तोही होता. पंचनामा झाला, बैल मुद्देमाल ठरला. कोर्टातून सुपूर्तनाम्यावर मिळाला तोवर पेरणी सावडीच्या बैलांवर उरकली होती. उशीर झाला खरा, पण काठ्या चालल्या असत्या तर मार गिऱ्हाइकानं खाल्ला असता आणि चोर मोकळाच राहिला असता.