हंटर आयोगापुढील महात्मा फुले यांचे निवेदन : खेड्यातील शिक्षक व मराठी क्रमिक पुस्तके

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनाचा उल्लेख बहुधा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून केला जातो. हा उल्लेख यथार्थ आहे, परंतु अपुरा आहे. बारा वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, या मागणीइतकाच त्या निवेदनात खेड्यातील शाळेचा पंतोजी कोण असावा, त्यास काय मिळावे आणि मुलांच्या हाती कोणते पुस्तक पडावे, याचाही विचार आहे.

यास पूर्वपीठिका आहे. १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळीने मराठी शालेय पुस्तके आणि शिक्षक हे दोन्ही तयार करण्याचे काम एकाच वेळी हाती घेतले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या १८२३ च्या टिपणातही देशी शाळांतील अध्यापन सुधारणे आणि त्यांना पुस्तके पुरविणे या बाबी शेजारी शेजारी येतात. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मराठी शिक्षकांचा वर्ग चालविला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ मध्ये, तर दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. १८४५ मध्ये शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचे प्रमुखपद बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आले. तथापि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पुढील काळात मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली शालेय मराठी घडत गेली. पुस्तके वाढली, शाळाही वाढल्या. परंतु कुणब्याच्या मुलापर्यंत त्यांतील फारच थोडे पोहोचले.

फुले यांचा रोख नेमका येथे आहे. इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे जवळजवळ १० लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, असे ते नमूद करतात. जेथे शाळा आहे तेथील शिक्षक बहुतेक ब्राह्मण, त्यांतील थोडेच प्रशिक्षित, आणि पगार क्वचितच १० रुपयांच्या वर. शेतकरी वर्गातून आलेला, त्यांच्यात मिसळणारा, प्रसंगी नांगराचा रुमणा वा सुताराचा वाकस हाती धरण्याची लाज न वाटणारा शिक्षक त्यांना हवा होता. मात्र अशा शिक्षकाकडून त्यागाची अपेक्षा करून ते थांबत नाहीत. त्याला किमान १२ रुपये आणि मोठ्या गावात १५ ते २० रुपये वेतन मिळावे, तसेच पुष्कळ मुले उत्तीर्ण करणाऱ्यास वेगळा भत्ता द्यावा, असे ते सुचवितात. गावचे हिशेब तपासणे, दस्तांची नोंदणी, टपाल, मुद्रांकविक्री अशी कामे शिक्षकाकडे दिल्यास त्याची गावातील प्रतिष्ठा वाढेल, हेही त्यांनी मांडले आहे. आजच्या वाचकास शिक्षकावर अशैक्षणिक कामे लादण्याचा हा प्रकार वाटेल. परंतु ज्या गावात लेखणी एकाच घराण्याच्या हाती होती, तेथे शाळेतील शिक्षकाने हिशेब तपासणे हा सत्तेच्या वाटपाचा प्रश्न होता.

अभ्यासक्रमाविषयीची सूचना याच दृष्टीने वाचावी लागते. वाचन, लेखन व हिशेब यांबरोबर इतिहास, भूगोल, व्याकरण, शेती, नीती व आरोग्य यांची तोंडओळख त्यांना हवी होती. आणि लिपी बालबोध व मोडी अशा दोन्ही. बालबोध ही छापील पुस्तकाची लिपी होती, तर खते, गहाणपत्रे आणि गावचे दप्तर मोडीत असे. केवळ छापील धडा वाचता येणारा मुलगा सावकाराच्या कागदापुढे निरक्षरच राहिला असता. प्रचलित क्रमिक पुस्तके व्यवहारोपयोगी नाहीत आणि त्यांची रचना क्रमाक्रमाने चढत जाणारी नाही, म्हणून त्यांची पुनर्रचना करावी, ही फुले यांची तक्रार भाषेच्या शुद्धाशुद्धतेची नसून पुस्तकाच्या उपयोगाची आहे. मराठी पुस्तकांविषयीची ही मागणी आयोगापुढे इंग्रजीत मांडली गेली, हे त्या व्यवस्थेवरील पुरेसे भाष्य आहे.

पैशाची बाजूही त्यांनी सोडली नाही. शेतसाऱ्यावरील स्थानिक कराचा एक-तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखलेला असे. फुले यांनी निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणासाठी मागितला. कर रयतेने भरावा आणि उच्च शिक्षणाचा लाभ मूठभरांनी घ्यावा, या विसंगतीवर त्यांचे सारे निवेदन उभे आहे.

आयोगाने १८८३ च्या अहवालात प्राथमिक शिक्षणास अग्रक्रम दिला व त्याचा कारभार स्थानिक मंडळांकडे सोपविण्याची शिफारस केली. सक्तीचे तत्त्व मात्र स्वीकारले नाही. गोखले यांचे १९११ चे विधेयकही फेटाळले गेले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा निर्णय घेतला. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात झालेला कायदा नगरपालिकांच्या हद्दीपुरता होता. ज्या खेड्यासाठी फुले यांनी निवेदन लिहिले, ते त्या कायद्याबाहेर राहिले.